मदत हवी आहे: खासगी मेट्रोचं भाडं नक्की कोण ठरवतं?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोसाठी टाटा-सीमेन्सच्या कंपनीशी पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) 35 वर्षांचा करार आहे. आमच्या भागातले बरेच जण याच मार्गावर अवलंबून राहणार, म्हणून भाड्याची काळजी वाटते. मुंबईत 2014 मध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू होताना करारात 9 ते 13 रुपये होते, कंपनीने 10 ते 40 जाहीर केले आणि वाद हायकोर्टात गेला. मेट्रो कायद्यानुसार पहिलं भाडं मेट्रो चालवणाराच ठरवतो म्हणे. मग करारातल्या आकड्याला अर्थ काय उरतो?

पुण्याचा करार कुणी वाचलाय का? भाडेवाढीचं सूत्र काय आहे? प्रवासी कमी आले तर तोटा कुणाच्या माथी? माहिती अधिकारात अर्ज करायचा तर नेमकी कोणती कागदपत्रं मागू?