ऑर्डर चुकली की बिल माफ? आधी तवा मोकळा करा

तवाफ्राय_रवाफ्राय

काल इथे एकाने लिहिलं: "किनाऱ्यावरच्या हॉटेलात ऑर्डर चुकली की सगळ्या टेबलाचं बिल माफ झालंच पाहिजे. फुकट सोलकढी देणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं." त्याखाली होकारांची रांग लागली. वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

चूक झाली त्या क्षणी गिऱ्हाइकाचं काय गेलं? पैसे अजून खिशातच आहेत. गेला तो वेळ, आणि गेलं ते सगळ्यांनी मिळून जेवणं. सहांपैकी पाच जण हात धुवायला उठले आणि तेव्हा सहाव्याचं ताट आलं, तर बिल माफ होऊन त्या सहाव्याला काय मिळालं?

तव्याचं गणित बघा. सुरमईचा बोटभर जाडीचा मुरवलेला तुकडा दोन्ही बाजू धरून ८-१० मिनिटं घेतो. चिरा दिलेलं अख्खं पापलेट १२-१५. तिसऱ्या (शिंपल्या) तोंड उघडेपर्यंत ४-५ मिनिटं पुरतात, कुर्ल्यांना (खेकड्यांना) मात्र वाटणासकट २०-२५ लागतात. मे महिन्यातल्या रविवारी दुपारी दीडला तव्यासमोर केओट्यांची, म्हणजे वेटरने आत दिलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची, माळ लटकलेली असते. चुकलेल्या टेबलाची नवी केओटी त्या माळेच्या शेपटाला लावली तर दहा मिनिटांचा मासा पाऊण तासाने येतो. खरा अन्याय इथे होतो.

म्हणून पहिली भरपाई म्हणजे तव्यावरची पुढची जागा. वेटरने चूक कुणाची याचा निवाडा टेबलावर करू नये. विचारून ताट उचलावं, आत जाऊन आचाऱ्याला तोंडी सांगावं, आणि केओटीवर लाल पेनाने खूण करून ती सगळ्यात पुढे लावावी. मग टेबलावर येऊन खरी वेळ सांगावी. "पाच मिनिटं" हे उत्तर देऊ नये, बारा लागणार असतील तर बाराच सांगावीत. तोवर त्या माणसाला हात बांधून बसवू नये. माशाचा रस्सा टोपात तयार असतो, दोन मिनिटांत रस्सा आणि तांदळाची भाकरी पुढे येऊ शकते. मासा आला की त्याच्याबरोबर वडे, भात पुन्हा गरम यावेत, कारण आधीचे वडे तोवर चामट झालेले असतात. नुसता मासा बदलून आणणं ही अर्धी भरपाई.

पैशाचं यानंतर. चुकून आलेला पदार्थ बिलात नको. बदलून आलेला २० मिनिटांपेक्षा उशिरा आला तर तोही नको. सबंध टेबलाचं बिल माफ करायला मात्र माझा विरोध आहे.

चुका कुठून येतात तेही सांगतो. तवा फ्राय आणि रवा फ्राय. गर्दीत हे दोन शब्द कानाला एकच लागतात. रव्यात घोळवून तळलेल्याचा रवा काढता येत नाही, आणि तवा फ्रायला नंतर रवा लावायला गेलात तर शिजलेला मासा मोडतो. दोन्हीकडे नवा तुकडाच लागतो. ऑर्डर घेताना "साधा की रव्यातला?" असं विचारलं तर हा घोळ मुळातच होत नाही.

खाडीपल्याड

वेळ परत देता येत नाही, हेच तर बिल माफ करण्याचं कारण आहे. तुम्ही सगळा विचार तव्यासमोर उभं राहून केलात.

ऑर्डर वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागतं. ते का होत नाही? न वाचल्याचा तोटा मालकाला होत नाही म्हणून. चुकलेला बांगडा मागच्या दाराने दुसऱ्या टेबलावर जातो. एकदा एका टेबलावर टेकलेलं ताट दुसऱ्याला देऊच नये, यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. मालकाला झळ बसेल अशी रक्कम गेली तरच सवय बदलते.

आणि पार्सलचं काय? दाभोळला पार्सल घेतलं, फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरल्यावर डबा उघडला, आत कोळंबी मसाल्याऐवजी सुकं मटण. जयगड-तवसाळला तेच, वेश्वी-बागमांडल्याला तेच. परत जायचं तर गाडीचं फेरीभाडं दोनदा आणि वर बोटीची वाट. तव्यावरची पुढची जागा घेऊन या माणसाने काय करायचं? त्याला यूपीआयने सगळे पैसे परत मिळाले पाहिजेत, त्याच दिवशी.

वर सेवा शुल्क लावणारी हॉटेलं आहेतच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं की सेवा शुल्क आपोआप बिलात घालता येणार नाही, मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तरी ऑर्डर चुकवून त्यावर "सेवे"चे पैसे! अशा वेळी गिऱ्हाइकाने मान खाली घालून भरू नये. काढायला सांगावं, नाही काढलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा.

गल्ल्यावरून

झळ मालकाला बसते हे तुमचं गृहीतकच चुकीचं आहे. बऱ्याच ठिकाणी माफ केलेलं बिल वेटरच्या पगारातून वळतं होतं. दोन हजारांचं टेबल माफ झालं की तो पोरगा दोन-तीन दिवस फुकट राबतो. पगारातून नुकसान कापायचं तर त्याचा निष्काळजीपणा असावा लागतो, त्याला कारण मांडायची संधी द्यावी लागते आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. हे १९३६च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे. गल्ल्यावर हे कोण पाळतं? शिवाय केओटी बरोबर लिहिलेली आणि आत चुकीचा तुकडा तव्यावर पडला, तर त्यात वेटरचा दोष काय? केओटीची दुसरी प्रत जपून ठेवा, चूक बाहेरची की आतली ते दोन मिनिटांत कळतं.

हिशेबाची बाजूही ऐका. सूट द्यायची तर बिल काढायच्या आधी केओटीवरची ओळ रद्द करा, किंवा बिलातच सूट दाखवा. मग ५ टक्के जीएसटी कमी झालेल्या रकमेवर लागतो. बिल निघाल्यावर पैसे परत केले तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढावी लागते, नाहीतर कर पदरचा जातो. मॅनेजर नंतरच्या परताव्याला टाळाटाळ करतात त्याचं एक कारण हे. म्हणून तक्रार बिल मागायच्या आधी करा.

पार्सलबाबत तुमचं म्हणणं मान्य करावं लागतं. तिथे पैसे परत, दुसरा मार्ग नाही. पण डबा गल्ल्यावर उघडून, नाव वाचून मग रबर लावायचा, एवढं केलं तर ती वेळच येत नाही.

वाटणघाटण

तुम्ही सगळे मोठ्या हॉटेलांबद्दल बोलताय. देवबाग, तारकर्लीच्या घरगुती खानावळीत "पुन्हा करून द्या" हे शक्यच नसतं. तिथे सकाळी फोनवर माणसं मोजून मासा आणलेला असतो. किलोभराच्या सुरमईचे डोकं-शेपूट सोडून सहा-सात तुकडे पडतात. सात जणांसाठी सात तुकडे. एक चुकून दुसऱ्या पंगतीत गेला की आठवा कुठून आणणार? दुपारी मासा बाजारात मिळत नाही. जून-जुलैत तर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदीच, तेव्हा जे आहे ते खाडीतलं नाहीतर बर्फातलं.

तिथे रीत वेगळी हवी. मासा नाही हे लगेच कबूल करावं, घरात जे आहे ते नावाने सांगावं, अंड्याची आमटी, काळ्या वाटाण्याचं सांबार, सुक्या बांगड्याची कोशिंबीर, आणि थाळीचा दर माशाच्या थाळीवरून साध्या थाळीवर आणावा. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी आणावा. सोलकढी फुकट देऊन सुरमई थाळीचे पैसे घेणं हा अपमानच आहे, एवढ्यापुरता कालच्या माणसाशी मी सहमत.

सरंगो_म्हणा

ऑर्डर चुकता ती नावांमुळे, ह्यां कोणीच बोलणा नाय. पापलेटाक आमच्याकडे सरंगो म्हणतत. सुरमई म्हणजे इसवण. कोळंबी म्हणजे सुंगटां. अलिबागकडचो माणूस शिवल्या मागता, मालवणात त्येका तिसऱ्या म्हणतत. तो चिंबोऱ्या म्हणता, आमी कुर्ल्यो. वेटर नेपाळचो नायतर ओडिशाचो. त्येना काय समजायचां? मेन्यूकार्डावर दोन्ही नावां छापा आणि बाजूक माशाचो फोटो लावा. अर्धे वाद थंयच मिटतले.

मिरकरवाडा_पहाटे

फोटो लावून सुटत नाही. "पापलेट" सांगितलं की हलवा येतो आणि विचारलं तर "काळं पापलेट आहे" म्हणतात. ही नावाची गफलत नाही. हलव्याला इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात एवढ्यावर हे चालतं, पण ते कुळच वेगळं आहे, हलवा पापलेटाचा नातेवाईक नाही. रुपेरी पापलेटाला ४ सप्टेंबर २०२३ला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्याच राज्याच्या किनाऱ्यावर त्याच्या नावाने दुसरा मासा वाढतात. फिश फिंगरमधला बिनकाट्याचा, बिनकातडीचा पांढरा मासा बहुतेकदा गोड्या पाण्यातला, तळ्यात वाढवलेला बासा असतो. "समुद्राचा ताजा मासा" असं पाटीवर लिहून तो विकतात. याला ऑर्डर चुकणं म्हणायचं?

सरंगो_म्हणा

हलव्याक नावां ठेवू नका. तिरफळ घातलेल्या कालवणात हलवो पापलेटाक भारी पडता. प्रश्न दराचो आसा, चवीचो नाय.

मिरकरवाडा_पहाटे

चवीबद्दल मी शब्द काढलेला नाही. दराबद्दलच बोलतोय. "साइजप्रमाणे" असं कार्डावर लिहायचं, कच्चा मासा टेबलावर दाखवायचा नाही आणि बिलात मनाला येईल तो आकडा टाकायचा. ताट सजवून आणायच्या आधी कच्चा मासा ताटलीत दाखवा, वजन सांगा, दर सांगा, होकार घ्या, मग तव्यावर टाका. हे केलं नसेल आणि गिऱ्हाईक म्हणालं "हा मी मागितलेला नाही", तर हॉटेलवाल्याने वाद न घालता तो पदार्थ बिलातून काढावा. त्याच्याकडे पुरावाच नाही.

खाडीपल्याड

बघा, आता सगळे नावांच्या आड लपले. पाहुणा शिवल्या म्हणाला म्हणून चूक पाहुण्याची? वेटर परप्रांतीय म्हणून चूक वेटरची? धंदा तुमचा, नावं शिकवायची जबाबदारी तुमची. चार महिने पोराला गल्ल्यासमोर उभा करता, चार मासे ओळखायला शिकवता येत नाहीत? संताप याचाच येतो.

आणि शाकाहारी माणसाच्या पानात वांग्याची सुकट घातलेली भाजी आली तर? संकष्टीला, श्रावणात? त्यालाही रस्सा-भाकरी देऊन बसवणार?

तवाफ्राय_रवाफ्राय

नाही. तिथे माझं वरचं गणित लागू नाही, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. सुकट वेचून तीच भाजी पुढे करणं हा गुन्हा समजावा. पान, वाटी, डाव सगळं बदलायचं, भाजी वेगळ्या भांड्यातली, मालकाने स्वतः टेबलाशी येऊन सांगायचं, आणि त्या टेबलाचे पैसे घ्यायचे नाहीत. तुमचं बिल माफ इथे मला मान्य आहे.

दुसरी जागा अॅलर्जीची. कोळंबी-खेकड्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवल्या-तळल्याने नष्ट होत नाही. कोळंबी वरून उचलून बाजूला ठेवली तरी रस्सा तोच राहतो. कोळंबीच्या तव्यावर, त्याच तेलात बांगडा टाकला तरी धोका असतो. गव्हाचं चालत नाही अशांना रव्यातला मासा चुकून गेला तर तेच. ताट पूर्ण बदलायचं, तवा घासून नवं तेल. ओठ सुजले, श्वास लागला तर भरपाई-बिरपाई बाजूला, १०८ला फोन. ऑर्डर घेतानाच "काही चालत नाही का?" विचारून केओटीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहावं.

टेबलावर टेकलेलं ताट दुसऱ्याला न देण्याबद्दलही तुमचं बरोबर. ते पाहुण्यालाच बांधून द्यावं, बिनपैशाचं. पण साध्या तवा-रवाच्या चुकीला सहा जणांचं बिल माफ, हे अजूनही पटत नाही.

खाडीपल्याड

पटवून घेऊ नका. निदान बदललेल्या पदार्थाला २० मिनिटं ही तुमची मर्यादा गल्ल्यावर पाटी करून लावा. लेखी असेल तर मीही सहा जणांचं बिल मागणार नाही. तोंडी आश्वासनावर मागणार.

गल्ल्यावरून

पाटी लावायला हरकत नाही. त्याखाली एक ओळ हवी: "चुकलेल्या ऑर्डरचे पैसे कामगाराच्या पगारातून कापले जात नाहीत." ती लावायला किती मालक तयार होतात ते आधी कळू दे.

मिरकरवाडा_पहाटे

आणि हलवा पापलेटाच्या दराने विकणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा.

सरंगो_म्हणा

धागो कित्याक, हयच सांगतंय. मासो कच्चो दाखवलो की शेपटाकडे बाजूक बोट फिरवून बघा. हलव्याक थंय कठीण खवल्यांची धार लागता, सरंग्याक गुळगुळीत. बोटाक टोचला तर थंयच सांगा, तव्यार जावच्या आधी.