डिप्स मारताना छातीच्या मधोमध ‘कट्’ आवाज, आणि आता दुखतंही. मुलगा 17 वर्षांचा

कर्वेनगरची आई:
मुलगा बारावीत आहे. लहानपणापासून टिळक टँकवर पोहतो. बटरफ्लायला ताकद हवी म्हणून कोचनी जिम लावायला सांगितली, तिथे पॅरलल बारवर डिप्स, म्हणजे दोन समांतर दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं, सुरू झाले. काही दिवसांनी वर येताना छातीच्या मधल्या हाडात ‘कट्’ असा आवाज यायला लागला. दुखत नव्हतं, म्हणून स्वारी खूश. सकाळी उठून हात मागे ताणायचे, आवाज काढायचा आणि धाकटीला ऐकवायचा, हा उद्योग. आता मात्र हाडाच्या डाव्या कडेला बोट लावलं तरी ओरडतो. शिंक आली की छाती धरून बसतो. क्लासची सॅक एका खांद्यावर घेतली की दुखतं. घराजवळच्या डॉक्टरांनी शर्टावरूनच बघून ‘गॅस आहे’ म्हणून गोळ्या दिल्या. सासूबाईंचं एकच, ईसीजी काढा. सासऱ्यांना सत्तरीत अटॅक आला होता, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. कोच म्हणतात, स्पर्धा तोंडावर आहे, एवढं तेवढं चालायचंच. कुणाचं ऐकू?

हॉस्टेलकर:
काकू, माझंही अगदी असंच होतं. डिप्स सोडले, गेलं. टेन्शन घेऊ नका.

पौड रोडची फिजिओ:
ताई, पोहणारी, बॅडमिंटन खेळणारी पोरं रोज माझ्याकडे येतात. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बोटाने दाबल्यावर नेमकी तीच जागा दुखते आणि शिंकताना दुखतं. पुण्यात छातीत काहीही झालं की आधी गॅसच. बोटाने दाबून दुखणारा गॅस मी अजून पाहिलेला नाही.

बरगड्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या नसतात, मध्ये कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, असते. दुसऱ्या ते सातव्या बरगडीची कूर्चा जिथे हाडाला टेकते तिथे छोटे सांधे असतात, आणि सांधा म्हटला की कधीतरी वाजणारच. नुसताच वाजत असेल, दुखत नसेल, सूज नसेल, मार लागलेला नसेल, तर मी त्याच्यामागे लागत नाही. दाबून दुखायला लागलं की पहिला संशय कॉस्टोकाँड्रायटिसचा, म्हणजे त्या कूर्चेच्या जोडाशी झालेला दाह. बहुतेक वेळा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी असतो आणि वरून काही दिसत नाही. फुगवटा दिसला, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीवर, तर टिट्झे सिंड्रोमचा विचार करतात. 1921 मध्ये त्या नावाच्या जर्मन सर्जननी त्याचं वर्णन केलं. दोन्ही दुखणी बहुधा आपली आपण बरी होतात, पण काही आठवडे, कधी काही महिनेही घेतात. पोरांचा धीर सुटतो तो इथे.

डिप्समध्ये खाली जाताना कोपरं मागे जातात, खांदे पुढे झुकतात आणि छातीच्या स्नायूची सगळी ओढ त्या मधल्या हाडावर येते. बटरफ्लायचं ओढकामही तोच स्नायू करतो. सकाळी तलावात आणि संध्याकाळी जिममध्ये एकच बैल दोन्ही पाळ्यांना जुंपलाय.

त्यामुळे डिप्स, बेंच प्रेस आणि बटरफ्लाय सध्या बंद. पोहणं पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही. हात अंगालगत ठेवून पायांचा सराव चालतो, दुखत नसेल तर सावकाश बॅकस्ट्रोकही. आणि तो सकाळचा आवाजाचा कार्यक्रम आजपासून बंद! वाजवलं की क्षणभर मोकळं वाटतं, म्हणून पुन्हा वाजवतात आणि दुखरी जागा चिघळत राहते. शेकाने बरं वाटत असेल तर शेका. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी, खांद्यांच्या पात्यांच्या पातळीवर ठेवून उताणं पडायचं, हात बाजूला सोडायचे, सावकाश श्वास घ्यायचा. पुढे पाठीची ताकद वाढवायची. छाती कमावलेली आणि पाठ उपाशी अशी पोरं जिममधून हल्ली फार येतात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतरच. त्यात पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही ना हे कळेपर्यंत त्या नकोतच.

आता ईसीजी. सत्तरीतल्या अटॅकमुळे मी घाबरणार नाही. पण जवळच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, हे नक्की विचारा. पळताना-पोहताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, छातीत अवेळी धडधड, यातलं काहीही असेल तर खेळ त्याच दिवशी थांबवायचा आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. ते ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) ठरवतील. उंच, सडपातळ मुलाला एका बाजूला एकदम कळ येऊन दम लागला, तर फुप्फुसाभोवती हवा भरलेली असू शकते. तेव्हा वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठायची. यातलं काही नसेल तरी आजींच्या समाधानासाठी एक ईसीजी काढायला हरकत नाही, घरात शांतता नांदेल.

तालमीतला काका:
फिजिओताई, एक भर घालतो. आमच्याकडे कबड्डी आणि कुस्तीची पोरं खांद्यावर जोरात आपटतात, तेव्हा गळ्याखाली कॉलरबोनच्या टोकाशी आवाज येतो आणि तिथे खड्डा दिसतो. त्याला आम्ही हात लावू देत नाही. पूर्वी चोळायला तेलाची वाटी घेऊन चारजण धावायचे.

पौड रोडची फिजिओ:
काका, बरोबर करता. त्या टोकाची वाढीची पट्टी, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढतं तो भाग, शरीरात सगळ्यात उशिरा, 23 ते 25 व्या वर्षाच्या सुमारास जुळते. त्यामुळे तरुण पोरांत सांधा निखळल्यासारखं दिसलं तरी इजा त्या पट्टीतली असू शकते. हाड आत सरकलं तर मागे श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. गिळायला त्रास, दम, हात सुन्न, असं काही झालं तर ताबडतोब दवाखाना. साध्या एक्स-रेत हे नीट दिसेलच असं नाही, सीटी लागतो.

कर्वेनगरची आई:
सगळ्यांचे आभार. त्याला मार लागलेला नाही, चक्कर-धडधड नाही, सूजही नाही. नात्यात तरुणपणी कुणी गेलेलं नाही. परवा ऑर्थोपेडिककडे नेते, ईसीजीही काढून घेते. कोचना काय सांगायचं तेवढं सांगा, ते ऐकणाऱ्यातले नाहीत.

पौड रोडची फिजिओ:
तुम्ही काहीच सांगू नका. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि तीवर ‘बटरफ्लाय व डिप्स बंद, पुढच्या तपासणीपर्यंत’ असं लिहून मागा. नुसतं ‘विश्रांती’ लिहिलं तर प्रत्येक कोच आपापला अर्थ काढतो.