मदत हवी आहे: नागपूर ते पचमढी, सायकलनं

राजेहो, डिसेंबरात आम्ही चौदा जण सायकलनं पचमढीला निघतोय. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा रस्ता, तीन दिवस. जमेल तो पैसा खेड्यातल्या शाळेच्या मुलींना सायकली घेण्यासाठी.

अडचण चढाची. आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, फार तर रामटेकचा गड! नागपूर ३१० मीटरवर, पचमढी हजाराच्या वर. त्यात तामियाहून मटकुलीकडे मिळवलेली सगळी उंची घालवायची न् पुन्हा चढायचं. परवा रामटेकला आमचे एक काका (वय ५८, जिद्द दांडगी) अर्ध्यातच उतरून सायकल ढकलत आले. त्यांच्या मागच्या चाकाला १४-२८ दातांचं सात गिअरचं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा संच; सगळ्यात लहान चकती १४ दातांची, मोठी २८) आहे. ३४ दातांपर्यंतचं बसवलं तर जुना डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चालेल, की तोही लांब पिंजऱ्याचा, म्हणजे चेन ताणून धरणारी दांडी लांब असलेला, घ्यावा लागेल? चेन वाढवावी लागेल का?

दुसरं, उताराचं. निम्म्या सायकलींना रिमचे ब्रेक आहेत. सतत दाबून धरले तर रिम तापते, म्हणून थांबून थांबून दाबा, असं सगळ्यांना सांगितलंय. पण तामियाच्या वळणांवर प्रत्यक्ष कोणी उतरलंय का? रस्ता सध्या कसा आहे?

आणि तामियात चौदा जणांची साधी, स्वस्त राहण्याची सोय कुठं होईल?

देणगीचं एक कळलंय: आयकरात सूट हवी असेल तर २,००० रुपयांवर रोख चालत नाही. त्यामुळं नोंदणीकृत संस्थेच्याच खात्यात पैसे घेतोय, माझ्या फोनवर नको. एकदा वर्गणी माझ्याकडे ठेवली होती, वर्षभर हिशेब देत बसलो बाप्पा.