मूलांक वाचून स्वतःला तपासावं का?

माहुलीकर
परवा साताऱ्यात आमच्या महिला मंडळात यावरून चांगलाच वाद झाला, म्हणून इथे विचारते. जन्मतारखेच्या बेरजेवरून मुलीचं लग्न कधी जमेल किंवा दुकान चालेल का हे कळतं, असं मी मानत नाही. माझा उपयोग वेगळा आहे. माझी तारीख २६, म्हणजे २+६, मूलांक ८, शनीचा अंक. ८ वाल्यांबद्दल लिहिलेलं असतं की कष्टाळू असतात, पण मन मोकळं करत नाहीत, मदत मागायला त्यांना कमीपणा वाटतो. त्यावरून मी रविवारी वहीत एक प्रश्न लिहिते: या आठवड्यात कुणाची मदत हवी होती आणि मी गप्प बसले? सासूबाईंच्या दुखण्यात कोरेगावच्या जावेला फोन करायचं टाळत होते, ते लिहिताना दिसलं. दुसऱ्या दिवशी केला. शनीने काही केलं नाही, प्रश्नाने केलं. यात वाईट काय?

पोवईनाका
ताई, वही उत्तम. आकडा कशाला? १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं स्वभाववर्णन’ म्हणून कागद दिला. कितपत जुळतं, याला ५ पैकी गुण द्यायचे होते. सरासरी ४.२६ आली. मग सांगितलं की मजकूर सगळ्यांना एकच होता आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. मदत मागायला संकोच कुणाला वाटत नाही? बाहेरून आलेलं वाक्य आपल्याला नेमकं लागू पडलं असं वाटतं, तेव्हा आपण ते तपासत नाही, मान डोलावतो. स्वतःला तपासण्याच्या अगदी उलटं आहे हे. डॉ. दाभोलकरांच्या गावात राहून एवढा प्रश्न तरी आपण विचारायलाच हवा.

जरंडेश्वर
माझ्या वडिलांच्या पिढीत निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून. पोराला शाळेत घालताना घरच्यांना तारीख ठाऊक नसायची, गुरुजी १ जून लावून मोकळे व्हायचे. आता ही सगळी माणसं मूलांक १, सूर्याची, जन्मजात पुढारी? आमच्या आळीतले तसे दोघे भाऊ आहेत. एक ग्रामपंचायत गाजवून आला, दुसरा चारचौघांत तोंड उघडत नाही.
आणि तारीख तरी कुठली धरायची? शिवजयंती आपण १९ फेब्रुवारीलाही करतो आणि फाल्गुन वद्य तृतीयेलाही. तारखेने मूलांक १, तिथीने ३. माणूस एकच ना?

माहुलीकर
@जरंडेश्वर काका, तुमचं पटतं, पण ते भविष्य सांगणाऱ्यांना विचारा. अंक खरा आहे असा माझा दावाच नाही.
@पोवईनाका दादा, ‘वही पुरे’ म्हणणं सोपं आहे. कोऱ्या वहीसमोर मी पूर्वीही बसायचे. तेव्हा मी स्वतःला तेच प्रश्न विचारायचे ज्यांची उत्तरं मला आवडायची. आज किती काम केलं, कुणासाठी किती झटले. नको असलेला प्रश्न बाहेरून यावा लागतो. कुणी तो संतांच्या अभंगातून घेतं, कुणी मैत्रिणीच्या टोमण्यातून. मला तो त्या ८ वरच्या चार ओळींतून मिळाला. आणि मी मान डोलावून थांबले नाही, आठवड्याचा हिशेब लावला. त्यात काही वेळा ते वर्णन खोटंही ठरलं, तेही लिहिलंय.

कासपठार
मी शिक्षिका आहे. तुमच्या वहीबद्दल तक्रार नाही, पण हे वहीत राहत नाही हो. ८ म्हणजे उशिरा यश, अडथळे, ही समजूत घरोघरी आहे. १७ तारखेला जन्मलेल्या एका मुलीला घरात सारखं ऐकवलं जातं, ‘तुला सगळं उशिराच मिळणार.’ गणित अडलं की तीच म्हणते, ‘माझा अंकच तसा आहे.’ दहा वर्षांची पोर! मग उपाय म्हणून नावाचं इंग्रजी स्पेलिंग बदलायचं. इंग्रजी अक्षरांनाही अंक धरतात, ‘ए’चा १; म्हणून शेवटी एक ‘ए’ जादा लावला की नावाची बेरीज एकाने वाढते, ८ चा ९ होतो. देवनागरीत नाव तेच, पोर तीच, दाखला आणि आधार मात्र दुरुस्त करत बसायचं. मोठ्या बाईने स्वतःला विचारलेला प्रश्न आणि लहान मुलीला मोठ्यांनी चिकटवलेला शिक्का, दोन्ही निघतात त्याच पुस्तकातून. म्हणून मला त्या पुस्तकाचीच भीती वाटते.

पोवईनाका
ताई, एक करून बघा. महिनाभर ८ ऐवजी ३ चं वर्णन घ्या, तुमचं समजून. गुरूचा अंक, शिस्त, स्वाभिमान, दुसऱ्याला शिकवायची हौस. त्यावर प्रश्न काढा. वही तितकीच चालली, तर ‘माझा अंक’ हे शब्द सोडा.

माहुलीकर
करते. ‘दुसऱ्याला शिकवायची हौस’ यावर तर घरचेच प्रश्न काढून देतील. पण दादा, ३ नेही वही चालली तर माझंच म्हणणं खरं ठरेल, की काम प्रश्न करतो.
कासपठार बाई, तुमच्या त्या मुलीचं मनात राहिलं. मंडळात आम्ही मुलांचे मूलांक हौसेने काढतो, ते यापुढे नको असं मी बुधवारी मांडणार आहे. विरोध होईल. मंडळात दोघी नावं ‘दुरुस्त’ करून देतात.

कासपठार
बुधवारी किती वाजता? मी येते.