एक मोठा की दोन लहान?

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधल्या १६ बाय १० फुटी हॉलला एक १२ इंची सबवूफर (सब, म्हणजे फक्त खालचे बेसचे सूर वाजवणारा स्पीकर) घ्यावा की दोन १० इंची, असं तुम्ही विचारलंय. माझं मत दोन, पण एकाच मॉडेलचे. माझ्याकडे आधी एक सीलबंद पेटीचा आणि एक पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेचं भोक असलेला, होता. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या आसपास दोघांची फेज, म्हणजे लहरींच्या चढउताराची वेळ, काही जुळेना, दोघं मिळून एकट्यापेक्षा कमी वाजायचे!

१६ फुटांच्या लांबीत ३५ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. सोफा बरोबर मध्यावर असेल तर तिथे तो सूर गायब आणि भिंतीपाशी गडगडाट. एक सब समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या, दोन्ही एकाच फेजमध्ये ठेवले की ही घूम बरीच मरते. मागे वायर नेता येत नसेल तर एक सब सोफ्यावर ठेवून वाजवा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा. बेस कुठे जास्त-कुठे कमी न होता एकसारखा लागेल ती सबची जागा. घरचे हसतील, हसू देत. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा.

रात्री मात्र जपून. खालच्या मजल्यावरच्या काकांना स्लॅबमधून गाणं नाही, फक्त धपधप ऐकू जाते.