मदत हवी आहे: एमईपी-८०३ए लष्करी डिझेल जनरेटर, इंजिन उत्तम चालते पण स्टार्ट स्विच सोडताच व्होल्टेज नाहीसे होते

नमस्कार.

अमेरिकी सैन्याच्या जादा साठ्यातून विक्रीला निघालेला एमईपी-८०३ए हा १० किलोवॅटचा डिझेल जनरेटर माझ्याकडे आहे. चार सिलिंडरचे पाण्याने थंड होणारे इंजिन, मिनिटाला १८०० फेरे, ६० हर्ट्झ, आणि सिरीजमध्ये जोडलेल्या दोन १२ व्होल्ट बॅटऱ्यांवर चालणारी २४ व्होल्टची स्टार्टिंग व्यवस्था, अशी त्याची रचना आहे. हा संच बरीच वर्षे न चालता पडून होता. डिझेलची टाकी रिकामी करून तळाचा गाळ आणि पाणी काढले, फिल्टर बदलले, बॅटऱ्या नव्या घातल्या. तेवढ्यावर इंजिन सुरू झाले, आणि ते इतके एकसारखे चालते की त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

अडचण विजेच्या बाजूला आहे. मास्टर स्विच ‘स्टार्ट’वर धरून ठेवला असताना इंजिन वेग पकडते, ऑइलचा दाब वर येतो आणि व्होल्टमीटरचा काटा चढत जाऊन १४० व्होल्टच्या आसपास थांबतो. जोडणी १२०/२४० व्होल्टची निवडलेली आहे, म्हणजे काटा २४० वर जायला हवा. स्विच सोडला की तोच काटा सावकाश, जणू कोणी हाताने खाली आणावा तसा, शून्याकडे उतरतो. इंजिनाच्या आवाजात किंवा वेगात मात्र तसूभरही फरक पडत नाही. पॅनेलवरचा मीटर चुकीचा दाखवत असेल म्हणून कॉन्टॅक्टरच्या (बाहेरच्या भाराला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) अलीकडे, म्हणजे जनरेटरच्याच बाजूला, मल्टीमीटर लावून पाहिला; आकडे तेच आले. स्विच मी घाईने सोडतो असेही नाही, कारण वेग आणि ऑइलचा दाब पूर्ण स्थिरावेपर्यंत तो धरून ठेवतो.

‘व्होल्टेज अ‍ॅडजस्ट’चा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवून पाहिला, काही बदल झाला नाही. ‘बॅटल शॉर्ट’ स्विचला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. इंजिन गमावले तरी चालेल पण वीज जाता कामा नये, अशा प्रसंगासाठी संरक्षक यंत्रणा बाजूला सारणारा तो स्विच आहे. शिवाय इथे इंजिन बंद पडतच नसल्यामुळे त्याचा या दोषाशी संबंध दिसत नाही.

व्होल्टेज रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर राखणारा भाग) गेला आहे असे समजून तो बदलावा, की फिरत्या भागातले डायोड आधी तपासावेत, हे मला ठरवता येत नाही. डायोड तपासायचे तर मागचा बराच भाग उघडावा लागेल, आणि रेग्युलेटर हा महाग भाग केवळ अंदाजाने घ्यावासा वाटत नाही. ज्यांनी हे संच स्वतः उघडले आहेत त्यांनी कृपया क्रम सुचवावा.

प्रतिसाद १

रेग्युलेटर अजून घेऊ नका आणि मागचा भागही उघडू नका. उत्तराचा मोठा भाग आपल्याच निरीक्षणात आहे. स्विच ‘स्टार्ट’वर असताना बॅटरीतून एक्सायटरच्या (मुख्य जनरेटरच्या चुंबकाला वीज पुरवणाऱ्या छोट्या जनरेटरच्या) फील्डला, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वाइंडिंगला, थोडा प्रवाह दिला जातो, आणि तेवढ्यावर आपल्याला १४० व्होल्ट मिळतात. याचा अर्थ एक्सायटर, फिरते डायोड आणि मुख्य वाइंडिंग ही साखळी बहुतांशी शाबूत आहे. स्विच सोडल्यावर हेच काम रेग्युलेटरने हाती घ्यायचे असते, आणि ते तो घेत नाही. व्होल्टेज मोजून त्याला कळवणारी तार तुटली असती तर व्होल्टेज नाहीसे न होता उलट भरमसाट वाढले असते, म्हणून तो संशय मी बाजूला ठेवतो.

रेग्युलेटरला स्वतःच्या कामासाठी लागणारी वीज स्टेटरमधल्या (जनरेटरच्या स्थिर भागातल्या) एका वेगळ्या छोट्या वाइंडिंगमधून येते. संच बंद असताना त्या दोन तारांवर मीटरच्या क्लिपा लावून घ्या, मग दुसऱ्या माणसाला ‘स्टार्ट’ धरायला सांगून आकडा वाचा. तिथे एसी व्होल्टेज असेल, पण फील्डकडे जाणाऱ्या तारांवर डीसी निघत नसेल, तर दोष रेग्युलेटरचा किंवा अ‍ॅडजस्टच्या पोटेन्शिओमीटरचा (त्या नॉबच्या बदलत्या रोधकाचा) आहे. तिथे काहीच नसेल तर त्याच तारांचा माग काढत स्टेटरपर्यंत मागे जा. इंजिन चालू असताना हात आत घालू नका. इंजिनाने वेग घेतल्यावर स्टार्टर आपोआप सुटतो, त्यामुळे स्विच थोडा वेळ धरला तरी चालते. मात्र स्टार्टरचा आवाज येतच राहिला तर लगेच सोडा. आणखी एक सांगतो, रेग्युलेटर जोडलेला असताना वाइंडिंगवर मेगर (इन्सुलेशन तपासणारे उपकरण) लावू नका. त्याचा उच्च दाब रेग्युलेटरमधली इलेक्ट्रॉनिक्स जाळू शकतो, आणि मग नसलेला दोष खरोखरच निर्माण होईल.

धागाकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे तपासले. रेग्युलेटरच्या टोकाशी काहीच नव्हते, पण त्याच तारा स्टेटरमधून जिथे बाहेर येतात तिथे एसी व्होल्टेज व्यवस्थित मिळाले. मधल्या टर्मिनल बोर्डावर एका तारेचा लग (टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) वरून स्वच्छ दिसत होता. बोटांनी हलकेच वाकवला तेव्हा वरचे आवरण सरकले आणि आत तांब्याचे धागे हिरव्या भुकटीत रूपांतरित झालेले दिसले. चांगली तार लागेपर्यंत मागे कापून नवा लग दाबला, बोर्डावरचा स्क्रू व बैठक घासून घेतली. आता स्विच सोडल्यावर व्होल्टेज २४० वर टिकते आणि अ‍ॅडजस्टने हळुवार कमीजास्त होते. आपले मनापासून आभार.

एक प्रश्न उरला आहे. एक्झॉस्टच्या तोंडाशी काळे, ओले तेलकट थेंब जमतात. ऑइल जळते आहे का?

प्रतिसाद २

ऑइलची पातळी घटत नसेल तर बहुधा हे वेट स्टॅकिंग आहे. भाराविना चालवलेले डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, आणि अर्धवट जळालेले इंधन एक्झॉस्टमध्ये साचते. हीटरसारखा निव्वळ रोधक भार जोडून तो टप्प्याटप्प्याने सात-आठ किलोवॅटपर्यंत न्या आणि धूर स्वच्छ होईपर्यंत काही तास चालवा. सुरुवातीला धूर वाढेल आणि साचलेले इंधन पेटण्याचा धोका असतो, म्हणून संच उघड्यावर ठेवा, एक्झॉस्टजवळ जळाऊ काही ठेवू नका आणि पूर्ण वेळ शेजारी थांबा.