सौर वाहिनीला गावाचा होकार मोजायचा कसा? प्रश्नावली आणि धोरणाबद्दल मदत हवी

माणगंगा_अभ्यास

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० च्या प्रकल्पांना (शेतीपंपांच्या वाहिनीला, म्हणजे फीडरला, दिवसा वीज देणारे सौर प्रकल्प) गावे कितपत स्वीकारतात आणि का, हा पीएचडीचा विषय आहे. भाग माण, आटपाडी, सांगोला. सध्याचा आराखडा असा: २० गावे, दर गावात २० शेतकरी, एकूण ४०० जण. नावे ८-अ च्या उताऱ्यांवरून. पाच पायऱ्यांच्या लायकर्ट मापावर (पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत) १८ विधाने आणि शेवटी चॉइस एक्सपेरिमेंट (पर्यायांची कार्डे दाखवून एक निवडायला लावणे), ज्यात 'दिवसा विजेसाठी बिलात दरमहा किती जादा द्याल' हा किमतीचा घटक.

पूर्वचाचणीत जवळजवळ सगळे 'प्रकल्प चांगला आहे' म्हणतात. पण राज्यात गायरानांवरून या प्रकल्पांना विरोधही होतो आहे, आणि तो माझ्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. कुठे चुकते आहे? आणि धोरणाच्या अंगाने काय तपासायला हवे?

---

गटनंबर

चूक यादीतच आहे. ८-अ म्हणजे खातेदार. त्याचा पंप त्या फीडरवर असेल तर त्याला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता येणार, मग तो चांगलेच म्हणणार. ज्या गायरानावर पॅनेल उभी राहतात तिथे मेंढ्या चारणारे, तिथला तुकडा वर्षानुवर्षे कसून खाणारे भूमिहीन, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायका या यादीत नसतातच. ज्यांना मिळते त्यांना तुम्ही विचारलेत, ज्यांचे जाते ते बाहेर राहिले.

विधानसभेची मतदार यादी घ्या आणि तीन स्तर पाडा: त्याच फीडरवर पंप असलेले, पंप नसलेले किंवा दुसऱ्या फीडरवरचे, आणि गायरान वापरणारे. तिसरा स्तर कोणत्याही यादीतून पूर्ण मिळत नाही. तलाठ्याकडचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, थोडा उपयोगी पडतो. बाकी सकाळी आणि संध्याकाळी जागेवर जाऊन कोण येते-जाते ते नोंदवावे लागते. वेळही पाहा. मेंढपाळ पावसाळा सरल्यावर बाहेर पडतात आणि ऊसतोडीची कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल गावात नसतात. जानेवारीतल्या पाहणीत हे दोन्ही गट आपोआप गळतात, म्हणून जुलै ते सप्टेंबर धरा.

आता ४०० चा हिशेब. एकाच गावातली माणसे सारखी उत्तरे देतात. गावांतर्गत सहसंबंध ०.१ धरला, जो अशा विषयात सहज असतो, तर डिझाइन इफेक्ट (गावागावाने माणसे निवडल्याने नमुन्याची ताकद किती पट घटते ते) = १ + (२० − १) × ०.१ = २.९. म्हणजे ४०० मुलाखतींची खरी ताकद सुमारे १३८ मुलाखतींएवढी. तेच ४० गावे आणि दर गावात १० केले तर इफेक्ट १.९ आणि ताकद सुमारे २१०. प्रवास वाढेल, पण गावागणिक फरक हाच तर तुमचा विषय आहे.

गावे निवडतानाही सावध राहा. संशोधक वोल्सिंक यांनी पवनचक्क्यांच्या अभ्यासातून दाखवलेला 'यू' आकार इथे लागू पडतो: प्रकल्प लांब असताना पाठिंबा जास्त, जागा ठरून कुंपण पडताना तो खाली येतो, सुरू झाल्यावर पुन्हा वर. म्हणून फक्त जागा ठरलेली, काम चालू असलेली आणि वर्षभर वीज देत असलेली अशी तिन्ही प्रकारची गावे घ्या. चौथा प्रकार बहुतेक अभ्यासांत सुटतो: जिथे विरोधामुळे जागा बदलली ती गावे. ती वगळून फक्त उभे राहिलेले प्रकल्प मोजले तर स्वीकार फुगलेला दिसणारच.

---

फीडर_२२केव्ही

गटनंबर यांच्याशी सहमत. त्यात दोन गोष्टी घालतो.

पहिली, लोक कशाबद्दल उत्तर देताहेत ते आधी तपासा. 'सौर योजना' म्हटले की गावात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' डोळ्यासमोर येतो: १० टक्के हिस्सा (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के) भरून स्वतःच्या शेतात पॅनेल. वाहिनी योजनेत शेतात काहीच येत नाही. पॅनेल उपकेंद्राजवळ एका जागी, पंप तोच, तारा त्याच, फक्त थ्री-फेज पुरवठा दिवसा. मुलाखतीच्या सुरुवातीला दोन फोटो दाखवा, एक शेतातल्या सौर पंपाचा आणि एक कुंपणातल्या प्रकल्पाचा. मग विचारा, 'यातला कोणता तुमच्या गावात येतोय?' चुकीचा फोटो दाखवणाऱ्यांची उत्तरे वेगळी ठेवा. पुढे रोहित्र जळाले किंवा व्होल्टेज पडले की दोष सौरला दिला जातो. म्हणून सुरू झालेल्या गावांत महिन्याला किती तास थ्री-फेज मिळाला आणि रोहित्र बदलायला किती दिवस लागले, हे वेगळे विचारा. नाहीतर महावितरणच्या देखभालीवरचा राग सौरऊर्जेच्या नावावर जमा होतो.

दुसरी, किमतीचा घटक काढून टाका. बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना बिल नाही. ज्याला बिलच येत नाही त्याला 'बिलात किती जादा' विचारले तर तो एकतर हसेल किंवा शून्य लिहील, आणि पंप नसलेल्याला तर त्या प्रश्नाचा संबंधच नाही. त्याऐवजी ग्रामपंचायतीला दरवर्षी मिळणारी रक्कम हा पैशाचा घटक ठेवा. बाकी घटक: जागा (गायरान किंवा खासगी पडीक), दिवसा विजेचे तास, चराईसाठी राखलेला भाग, आणि पैसे कशावर खर्चायचे ते कोण ठरवणार. कार्डे चित्रांची करा. दर कार्डावर दोन पर्याय आणि तिसरा 'आहे तसेच राहू द्या'. हा तिसरा पर्याय गाळू नका, विरोध तिथेच दिसतो. माणशी सहा कार्डे पुरेत, आठच्या पुढे लोक कंटाळून डावीकडचेच बोट दाखवतात. किमान संख्येचा ठोकताळा ५०० × (एखाद्या घटकाच्या सर्वांत जास्त पातळ्या) ÷ (कार्डे × पर्याय, 'आहे तसेच' सोडून). चार पातळ्या, सहा कार्डे, दोन पर्याय म्हणजे १६७, पण ती दर स्तरामागे धरा.

---

खेडेगाव_नीती

धोरणाचे म्हणाल तर आधी पैशाची वाट पाहा. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. ५ मेगावॅटला साधारण १० हेक्टर, म्हणजे पहिल्याच वर्षी साडेबारा लाख जमीनमालकांच्या खात्यात. जागा गायरान असेल तर ती शासन नाममात्र भाड्याने देते आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षे. वीजखरेदी करार मात्र २५ वर्षांचा.

युनिटमागे मांडून बघा. १९ टक्के क्षमता वापर (पूर्ण क्षमतेने वर्षभर चालल्यास होईल त्या निर्मितीचा हिस्सा) धरला तर ५ मेगावॅटमधून वर्षाला सुमारे ८३ लाख युनिट. पाच लाख म्हणजे युनिटला ६ पैसे, आणि पंधरा लाख २५ वर्षांवर पसरले तर पाऊण पैसाही नाही. जर्मनीत २०२१ पासून प्रकल्पचालक स्थानिक नगरपालिकेला युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत देऊ शकतो. युरो ९० रुपये धरला तर १८ पैसे. तुमच्या ५ मेगावॅटला तो दर लावला तर वर्षाला सुमारे १५ लाख, म्हणजे इथे तीन वर्षांत मिळतात तेवढे दरवर्षी. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी, हे मान्य. पण प्रबंधात ही तुलना यायलाच हवी, कारण माझ्या मते इथला खरा प्रश्न रकमेपेक्षा मुदतीचा आहे: चराई २५ वर्षे बंद आणि भरपाई तीन वर्षे.

भागीदारीचा उपायही डोळे झाकून सुचवू नका. डेन्मार्कने २००९ च्या कायद्याने पवनचक्कीपासून साडेचार किलोमीटरमधल्या रहिवाशांना किमान २० टक्के हिस्सा विकत घ्यायची संधी देणे बंधनकारक केले आणि २०२० मध्ये ती तरतूद काढून टाकली. हिस्सा विकत घेण्याची योजना ऐपत असणाऱ्याच्याच कामाची. आपल्याकडे मेंढपाळाला शेअर देऊ करणे निरर्थक आहे. त्याला चारा, वाट आणि पाणवठा हवा.

वुस्टेनहागेन, वोल्सिंक आणि ब्यूरर यांची २००७ ची मांडणी (सामाजिक-राजकीय, स्थानिक आणि बाजारपेठेचा स्वीकार) वापरणार असाल तर तिन्हींची बेरीज करून एकच निर्देशांक काढू नका. राज्यपातळीवर सौरला पाठिंबा आणि आपल्या गावातल्या जागेवर विरोध हे एकाच माणसाचे मत असू शकते.

---

माणगंगा_अभ्यास

मनापासून आभार. यादी आणि किमतीचा घटक बदलतो. एक शंका: गावाने खरोखर मान्यता दिली होती की नाही, हे लोकांच्या आठवणीवर न सोडता कसे तपासावे?

---

गटनंबर

ग्रामसभेचे इतिवृत्त मागा. माहिती अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर, उत्तराची मुदत ३० दिवस. चार गोष्टी बघा. ठराव ग्रामसभेचा आहे की फक्त मासिक सभेचा. ठरावात गट नंबर आणि क्षेत्र लिहिले आहे की नुसते 'गायरानातील जागा'. गणपूर्ती झाली होती का: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या. आणि सभा तहकूब होऊन पुन्हा भरली होती का, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि बरेच ठराव तिथेच होतात. उपस्थितांच्या सह्यांवरून तुमच्या तीन स्तरांतले कोण हजर होते तेही काढता येते. प्रबंधात मात्र नावे छापू नका, फक्त प्रमाण द्या.

नेदरलँड्समधल्या बारेंद्रेख्तचे प्रकरण याच मुद्द्यासाठी वाचण्यासारखे आहे. गावाखालच्या रिकाम्या वायुसाठ्यात कार्बन डायऑक्साइड भरायचा बेत २०१० मध्ये सोडून द्यावा लागला. धोक्यांचा वाद होताच, पण आराखडा ठरल्यावर गावाला बोलावले गेले, ही तक्रार त्याहून खोल गेली. म्हणून प्रश्नावलीत 'माहिती मिळाली का' एवढेच नको. 'कधी मिळाली, जागा ठरण्याआधी की नंतर' हेही विचारा.

---

फीडर_२२केव्ही

तुमच्या भागासाठी पाण्याचाही प्रश्न घाला. ५ मेगावॅटला १० ते १२ हजार पॅनेल, धुवायला पॅनेलमागे दीड-दोन लिटर, म्हणजे एका धुण्याला १५ ते २४ हजार लिटर, महिन्यातून दोनदा धरा. उन्हाळ्यात जिथे पिण्याला टँकर येतो तिथे हे पाणी कुठून येणार, हे विकासकाच्या कागदात लिहिलेले आहे का ते पाहा. कोरडी सफाई असेल तर तसे करारात आहे का, तेही. आणि कुंपणाच्या नकाशावर जुनी पाणंद ठेवून बघा. वाट बंद झाली असेल तर 'चांगले' म्हणणारा खातेदारसुद्धा दुसऱ्या प्रश्नाला वेगळे उत्तर देतो.